किती देते

गाडीबद्दल सगळे एकच विचारतात: किती देते?
म्हशीबद्दल विचारावं तसं.

खारघर ते तळेगाव,
माझ्या लिफ्टपासून फॅक्टरीच्या गेटपर्यंत पंच्याऐंशी.
येऊनजाऊन एकशे सत्तर, महिन्याचे बावीस दिवस.
बाटल्यांच्या कारखान्यात मी काचेतले बुडबुडे शोधते;
बदलीचं पत्र आल्यापासून आकड्यांतले शोधतेय.
लिटरला वीस धरले तर एकशे सत्त्याऐंशी लिटर.
सोळा धरले तर दोनशे चौतीस.
मधले सत्तेचाळीस लिटर रात्री छातीवर येऊन बसतात.
श्रीरंग म्हणतो, झोप,
सकाळपर्यंत भाव बदललेला असेल.

तुर्भ्याच्या शोरूममधला मुलगा म्हणाला, मॅडम, सत्तावीस!
कुठे, विचारलं,
तर त्याने कागदावर बोट ठेवलं.
त्या कागदावर घाट नव्हता.
चढावर एकमेकांना ओलांडू बघणारे
आणि दोन्ही लेन अडवून बसलेले कंटेनर नव्हते,
एसी नव्हता, डबा नव्हता, मी नव्हते.

सीएनजी घे, दीर म्हणाला.
फोन त्याने पहाटे पाचला केला होता,
कळंबोलीच्या पंपावरच्या रांगेतून.

इलेक्ट्रिकचं सोसायटीत विचारलं.
सेक्रेटरी देवस्थळी म्हणाले, आधी गच्चीची गळती, मग तुमची वायर.
गळती आम्ही राहायला आलो तेव्हापासून आहे.

म्हणून उलव्याला गेले, जुनी डिझेल बघायला.
हसुराम घरत, बंदरावर क्रेन चालवायचे, आता निवृत्त.
गाडीआधी त्यांनी वही पुढे केली:
‘पयली ही वाच, मंग गारी बघ.’

शंभर पानी, निळ्या बॉलपेनाने आखलेली.
तारीख, लिटर, किलोमीटर,
आणि चौथ्या रकान्यात भागाकार, दशांशासकट.
एकवीस पूर्णांक चार. एकवीस पूर्णांक नऊ.
‘टायर नवे.’ ‘गणपतीत माणसं सात, एकोणीस सहा.’
आठ वर्षांत एक टाकी चुकलेली नाही.
नवऱ्याची इतकी नोंद कोणी ठेवत नाही.

आणि मग एका फेब्रुवारीत, अकरा.
मार्चमध्ये साडेदहा.

बुडबुडा दिसला की माझं बोट आपोआप जातं.
इंजेक्टर? पाइप फुटला होता?

ते खिडकीबाहेर बघत राहिले.
‘आमची प्रणाली शिकत व्हती.’
तेव्हा इथे रस्ते आले होते, इमारती यायच्या होत्या.
रोज संध्याकाळी त्या रिकाम्या सेक्टरांतून
पहिला गिअर, धक्का, बंद.
पहिला गिअर, धक्का, बंद.
जळत्या क्लचचा वास, आणि बाप बाजूच्या सीटवर
हँडब्रेकवर हात ठेवून गप्प.
रात्री मात्र भागाकार केलेला, खरा, जसा आला तसा.

आता ती त्यांना स्वतःच्या गाडीने अलिबागला नेते.
चांगली चालवते, म्हणाले,
पण अजून माझा पाय खाली ब्रेक शोधतो.

मी क्लच दाबून बघितला, सायलेन्सरमागे हात धरला,
बंदराच्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ओढ बघितली.
मग त्या अकराचे आणि साडेदहाचे
पाच हजार कमी करून मागितले.

त्यांनी दिले नाहीत.
म्हणाले, त्या दोन महिन्यांचे तर जास्त घ्यायला पाहिजेत.

आज पहिली टाकी संपली.
खालापूरच्या टोलवर उभी असताना मांडीवर वही घेऊन
मी भागाकार केला: वीस पूर्णांक सात.
वीसच्या वर. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.
त्यांच्या अक्षराखाली माझं अक्षर जरा घाईचं दिसतं.

वहीत अजून चाळीसेक पानं कोरी आहेत.
आणि घरी सतरा वर्षांचा एक मुलगा आहे,
मी किल्ली कुठे टांगते
ते बघून ठेवणारा.